स्वतंत्र संचालकहो, राजीनाम्यात खरे कारण लिहा

विकसनशील देशांतील कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसणाऱ्या सर्व स्वतंत्र संचालकांस,

स. न. वि. वि.

मालक आणि व्यवस्थापन यांच्याशी हितसंबंध नसलेले म्हणून मंडळावर नेमलेल्या तुमच्यातल्याच एकाने नुकताच राजीनामा दिला. एका मोठ्या कंपनीच्या हिशेबांवर देखरेख ठेवणाऱ्या लेखापरीक्षण समितीचे ते अध्यक्ष होते. शेअर बाजाराकडे गेलेल्या पत्रात कारण दिले आहे ते ‘वैयक्तिक अडचणी आणि अन्य जबाबदाऱ्या’. हे कारण खरे नाही. ज्या टिपणावर चर्चा झाल्यावर काही आठवड्यांत हा राजीनामा आला, ते टिपण माझ्या विभागाने तयार केले होते. कंपनीचे नाव मी लिहिणार नाही, कारण हे पत्र एका कंपनीबद्दल नाही. अशी राजीनामापत्रे मी वरचेवर वाचत आलो आहे आणि यापुढे ती मुकाट्याने वाचणे मला जमणार नाही.

मी अंतर्गत लेखापरीक्षक आहे. बिले, करार आणि बँकेचे उतारे एकमेकांशी ताडून पाहण्यात माझी उभी नोकरी गेली. कंपनीचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे आम्हाला कळते. पण जे कळले ते व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय सांगता येईल अशी एकच जागा आम्हाला असते, ती म्हणजे तुमची समिती. तिथला माणूस खरे कारण दडवून निघून गेला की आमचे काम फायलीत जिरते. शिवाय निवृत्तीसाठी साठवलेली माझी पुंजी अशाच कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतलेली आहे, लाखो नोकरदारांची असते तशी. त्यामुळे हा प्रश्न माझ्या पेशाचा आहे आणि माझ्या म्हातारपणाचाही.

त्या टिपणात काय होते ते जरा सविस्तर सांगतो. कंपनीला एका सरकारी खात्याचे मोठे कंत्राट मिळाले होते आणि त्यासाठी एक सल्लागार संस्था नेमली होती. तिच्याशी झालेला करार दोन पानांचा. काम काय, तर ‘समन्वय व विपणन साहाय्य’. मोबदला कंत्राटाच्या रकमेच्या टक्केवारीत. संस्थेची नोंदणी निविदा जाहीर झाल्यानंतरची. तिने काय काम केले याचा एकही अहवाल, एकही ईमेल, एखाद्या बैठकीची साधी नोंदही फायलीत नव्हती. बिले मात्र होती आणि त्यांचे क्रमांक सलग होते. एका तिमाहीचे चार, पुढच्या तिमाहीचे पाच, त्यापुढचे सहा. म्हणजे या संस्थेला आमच्याशिवाय दुसरे गिऱ्हाईकच नव्हते. सरकारी खात्याने आमचे देयक चुकते केले की आठवड्याभरात तिचे बिल येई आणि पैसे तिसऱ्याच देशातल्या खात्यात जात. कागद मात्र सगळे रीतसर होते. खरेदी विभागाची सही, वित्त विभागाची सही, कर कापल्याची नोंद, काहीही राहिलेले नव्हते.

समितीच्या अध्यक्षांनी टिपण नीट वाचले होते. त्यांचे प्रश्न नेमके होते: या संस्थेचा खरा मालक कोण, आणि तिने केलेले काम दाखवा. व्यवस्थापन म्हणाले, ‘या बाजारात असेच चालते.’ इतिवृत्तात त्या सगळ्या चर्चेची एक ओळ उमटली: ‘समितीने नोंद घेतली.’ पुढच्या वर्षाच्या लेखापरीक्षण आराखड्यातून सल्लागारांवरील खर्च हा विषय गळला. आणि ज्यांना सगळे समजले होते ते गृहस्थ वैयक्तिक अडचणी सांगून बाहेर पडले. ते भ्रष्ट नव्हते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. भ्रष्ट माणसाला पत्र लिहून उपयोग नसतो. मी लिहितो आहे ते प्रामाणिक माणसांना.

मोठी लाच हिशेबाच्या वह्यांबाहेर राहत नाही. ती वह्यांतूनच जाते. तिला खर्चाचे शीर्षक असते, मंजुरी असते, आणि तिचा कागद कधी ना कधी तुमच्यापुढे येतो. जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतली प्रकरणे मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर भरून मिटवली, तेव्हा उघड झाले की आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या सरकारी कामांसाठी दिलेल्या पैशांचा मोठा भाग सल्लागार करारांच्या नावाने गेला होता. ब्राझीलच्या ओडेब्रेख्त या बांधकाम कंपनीत तर लाच वाटण्यासाठी ‘स्ट्रक्चर्ड ऑपरेशन्स’ नावाचा स्वतंत्र विभाग होता. १२ देशांत मिळून सुमारे ७८.८ कोटी डॉलर लाच दिल्याचे २०१६ मध्ये या प्रकरणात अमेरिकी न्यायालयात मान्य झाले. त्याच देशातल्या पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीने २०१५ मध्ये ताळेबंदातून सुमारे ६.२ अब्ज रेआल (ब्राझीलचे चलन) काढून टाकले. कंत्राटदारांच्या टोळीला दिलेल्या कामांच्या रकमेत तीन टक्के जादा होते असे धरून तो आकडा काढला होता. म्हणजे ती लाच तोवर कंपनीची मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसली होती आणि तो ताळेबंद वर्षानुवर्षे संचालक मंडळाने मंजूर केला होता.

याची किंमत कोण मोजतो, यासाठी मी मोझांबिककडे पाहतो. ते प्रकरण मला सर्वांत जास्त छळते. २०१३ आणि २०१४ मध्ये तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी सुमारे दोन अब्ज डॉलर कर्ज उचलले. किनाऱ्याची सुरक्षा, ट्यूना मासेमारी आणि जहाजदुरुस्ती ही कारणे सांगितली. कर्जाला सरकारची हमी होती, पण ती संसदेला विचारून दिलेली नव्हती. क्रेडिट स्विस आणि रशियाची व्हीटीबी या बँकांनी पैसा उभा करून दिला. २०१६ मध्ये लपवलेले कर्ज बाहेर आले, तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला मिळणारी मदत थांबवली, चलन कोसळले आणि देश परतफेडीत थकला. मासेमारीच्या बोटी बंदरात पडून राहिल्या. क्रेडिट स्विसने २०२१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या यंत्रणांशी सुमारे ४७.५ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि मोझांबिकचे २० कोटी डॉलरचे कर्ज माफ करायचे कबूल केले. माजी अर्थमंत्री मान्युएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवले. या व्यवहाराच्या एका टोकाला कर्ज घेणाऱ्या कंपन्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला देणारी बँक. दोन्हीकडे संचालक होते. मासे किती पकडले जाणार, ते कुणाला विकणार आणि कर्जाचे हप्ते त्यातून कसे फिटणार, हा हिशेब मागायला गुप्तहेर लागत नव्हता. ज्यांनी त्या कर्जातला एक पैसा पाहिला नाही, त्या लोकांच्या दवाखान्यांचा आणि शाळांचा पैसा आटला.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार राजीनाम्याचीच आहे. खोटे कारण देऊन गेलेला संचालक आपले नाव वाचवतो, पण जाताना धोक्याची सूचना सोबत घेऊन जातो. मलेशियाच्या वनएमडीबी या सरकारी निधीतून अमेरिकी न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार साडेचार अब्ज डॉलरहून अधिक पैसा लंपास झाला. त्या निधीच्या संचालक मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांनी २००९ मध्येच पद सोडले होते. मंडळाने दिलेल्या सूचना डावलल्या जात होत्या, हे त्यांनी बऱ्याच वर्षांनी न्यायालयात साक्ष देताना सांगितले. मधल्या काळात, २०१२ आणि २०१३ मध्ये, गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेने याच निधीसाठी साडेसहा अब्ज डॉलरचे रोखे विकले. पहिल्याच वर्षी अध्यक्ष का गेले हे तेव्हा जाहीर झाले असते, तर निदान काही गुंतवणूकदारांनी ते रोखे घेण्याआधी प्रश्न विचारले असते.

भारतात यावर नियम आहे. सूचिबद्ध कंपनीतून स्वतंत्र संचालक बाहेर पडला की सेबीच्या नियमांनुसार त्याची सविस्तर कारणे सात दिवसांत शेअर बाजाराला कळवावी लागतात आणि सांगितलेल्या कारणांखेरीज दुसरे महत्त्वाचे कारण नाही, असेही संचालकाला लिहून द्यावे लागते. नियम चांगला आहे. म्हणूनच खरे कारण ठाऊक असताना त्या वाक्याखाली सही करणे मला गंभीर वाटते. ते भागधारकांना केलेले लेखी असत्य कथन आहे.

दुसरी तक्रार न विचारलेल्या प्रश्नांची. संचालक मंडळाचे आजचे नियम बऱ्याच अंशी १९९२ च्या ब्रिटनमधल्या कॅडबरी समितीच्या शिफारशींतून आले. तिथे भागधारक विखुरलेले होते आणि भीती होती ती डोईजड झालेल्या व्यवस्थापकांची. आपल्या देशांत कंपनीवर बहुतेक वेळा एका कुटुंबाचा नाहीतर सरकारचा ताबा असतो. तेच तुम्हाला निवडतात, तेच पुन्हा नेमतात, आणि त्यांच्याविरुद्ध लहान भागधारकाची बाजू राखणे हे तुमचे काम असते. ही रचना मुळात अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण त्या अवघडपणाची ढाल करून अज्ञानात सुरक्षित राहण्याची जी सवय पडली आहे, ती मला मान्य नाही. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातले कलम १४९(१२) सांगते की मंडळाच्या कामकाजातून जे तुम्हाला कळले आणि ज्याला तुमची संमती वा साथ होती, किंवा जिथे तुम्ही दक्षता घेतली नाही, तेवढ्यापुरते तुम्ही जबाबदार. कंपन्यांचे वकील या कलमाचा पहिला भागच वाचून दाखवतात. त्यातून संचालक शिकतो की जे कळले नाही त्याची जबाबदारी नाही, तेव्हा कळून न घेतलेले बरे. दक्षतेबद्दलचा शेवटचा भाग त्याच वाक्यात आहे. तो वाचा.

सत्यमचे उदाहरण जुने झाले म्हणून कुणी ते आता काढत नाही, पण त्या एका बैठकीत शिकण्यासारखे अजून पुष्कळ आहे. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या मंडळाने प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन ‘मेटास’ कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घेण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. सॉफ्टवेअर कंपनी बांधकाम आणि जमिनीच्या धंद्यात का उतरते आहे, हा प्रश्न गुंतवणूकदारांना पडला आणि त्यांच्या संतापापुढे ठराव लगोलग मागे घ्यावा लागला. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते. तीनच आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुलीपत्र लिहिले आणि कळले की कागदावरची खोटी रोकड खऱ्या मालमत्तेने भरून काढण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता. त्याच २००८ सालात कंपनीला सुशासनाचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता, तो नंतर काढून घेण्यात आला. समित्या होत्या, त्यांच्या बैठका होत होत्या, उपस्थिती लागत होती. ज्याच्याशी व्यवहार आहे तो कोण आणि हा भाव कुणी ठरवला, एवढे दोन प्रश्न उत्तर मिळेपर्यंत लावून धरणारा माणूस त्या खोलीत नव्हता.

तिसरी तक्रार जागल्यांबद्दलची, म्हणजे आतले गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दलची, आणि ती लिहिताना मला राग आवरावा लागतो. फसवणूक उघड कशी होते याचा अभ्यास करणाऱ्या ‘असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स’च्या २०२४ च्या अहवालानुसार सुमारे ४३ टक्के प्रकरणे कुणीतरी दिलेल्या खबरीतून बाहेर येतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त खबरी कर्मचाऱ्यांनीच दिलेल्या असतात. बाहेरच्या लेखापरीक्षकांचा वाटा त्यापुढे अगदीच किरकोळ आहे. तरीही तुमच्या कंपन्यांत तक्रारीची दूरध्वनी वाहिनी मनुष्यबळ विभागाकडे किंवा वित्तप्रमुखाकडे जाते, म्हणजे अनेकदा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावर. वार्षिक अहवालात ‘तक्रारी: शून्य’ असे छापले जाते आणि तुम्ही ते समाधानाने मंजूर करता. हजारो माणसे काम करतात अशा कंपनीत वर्षभरात एकही तक्रार नसेल, तर तिथे लोक बोलायला घाबरतात असा त्याचा अर्थ मी लावतो. तुम्हीही लावायला हवा.

बोलणाऱ्यांचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने भारताच्या राष्ट्रीय महामार्गाच्या कामातले गैरप्रकार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ती विनंती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया शहरात त्यांचा खून झाला. दक्षिण आफ्रिकेत गाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्यात वित्त विभागात काम करणाऱ्या बबिता देवकरन यांनी टेम्बिसा रुग्णालयाच्या संशयास्पद देयकांकडे बोट दाखवले होते. २३ ऑगस्ट २०२१ रोजी मुलीला शाळेत सोडून परतल्यावर घराबाहेरच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे काम तेच होते जे माझे आहे: देयके पाहणे आणि जुळत नसेल तर तसे लिहिणे. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी करारात तक्रारदारांच्या संरक्षणाचे ३३ वे कलम आहे, पण त्याची भाषा सदस्य देशांनी ‘विचार करावा’ इतकीच आहे. कायदा इतका मऊ असताना कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची ताकद कंपनीच्या आत फक्त तुमच्याकडे उरते.

‘या बाजारात असेच चालते’ हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकून घेतले असेल. त्यामागचा समज असा की लाच दिली की काम लवकर होते. डॅनियल कॉफमन आणि शांग-जिन वेई या अर्थतज्ज्ञांनी १९९९ मध्ये अनेक देशांतल्या कंपन्यांची माहिती तपासली, तेव्हा उलटेच दिसले. ज्या कंपन्या जास्त लाच देत होत्या, त्यांच्याच व्यवस्थापकांचा जास्त वेळ अधिकाऱ्यांशी वाटाघाटीत जात होता. ज्याला पैसे मिळतात तो पुढच्या वेळी नवी अडचण शोधून ठेवतो. हा बाजार असाच असेल, तर त्याला तसे ठेवण्यात देणाऱ्याचाही हात आहे. आणि श्रीमंत देशांनी यावर गरीब देशांना उपदेश करावा असेही नाही. परदेशात दिलेली लाच जर्मनीत १९९९ पर्यंत करातून वजा करता येत होती.

सरकारी मालकीच्या कंपन्यांतल्या संचालकांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथले दुखणे सर्वांना ठाऊक आहे. मंत्री बदलला की मंडळ बदलते. दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम ही वीज कंपनी आणि ट्रान्सनेट ही रेल्वे व बंदरांची कंपनी कशा पोखरल्या गेल्या हे झोंडो या चौकशी आयोगाने २०२२ पर्यंत खंडच्या खंड लिहून दाखवले, आणि त्या देशातले लोक वर्षानुवर्षे ठरवून केलेल्या वीजकपातीत जगले. याच दोन कंपन्यांकडून कामे मिळवण्यासाठी लाच दिल्याच्या प्रकरणात मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. सल्लागाराचे नाव मोठे आहे म्हणून त्याचे बिल न तपासणे किती महागात पडते, ते इथे दिसते.

आता मी हे आत्ताच का लिहितो आहे ते सांगतो. इतकी वर्षे तुमच्यातले पुष्कळ जण मनाशी म्हणत आले की आपण नाही पाहिले तरी कुणीतरी पाहील. अमेरिकेचा १९७७ चा परदेशी लाचखोरीविरोधी कायदा आहे, बाहेरचे तपास अधिकारी आहेत. १० फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच कायद्याची अंमलबजावणी १८० दिवस थांबवण्याचा आदेश अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढला. जूनमध्ये काम पुन्हा सुरू झाले ते नव्या प्राधान्यक्रमांनिशी, ज्यात अमेरिकी कंपन्यांच्या हिताला वरचे स्थान आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने आपल्या देशांतर्गत कंपन्यांना खऱ्या मालकांची माहिती सरकारला कळवण्याच्या बंधनातून मोकळे केले. युरोपीय न्यायालयाने तर २२ नोव्हेंबर २०२२ रोजीच खऱ्या मालकांची नोंदवही सर्वसामान्यांना खुली ठेवण्याची तरतूद रद्द केली होती. आपल्याकडचे चित्रही फारसे वेगळे नाही. इंडोनेशियाच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे अधिकार २०१९ च्या कायद्याने छाटले, विद्यार्थी रस्त्यावर उतरले तरी. ब्राझीलमध्ये पेट्रोब्रासमधल्या भ्रष्टाचाराचा शोध घेणारे ‘लावा जातो’ तपास पथक २०२१ मध्ये बरखास्त झाले. त्या तपासातल्या खटल्यांत न्यायाधीश पक्षपाती होते असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि तपासातल्या अशा चुकांनी मूळ गुन्ह्याचा निवाडाही मोडीत निघतो, हे दुःख वेगळेच. थोडक्यात, बाहेरचा धाक ओसरतो आहे आणि घरचा पहारेकरी दुबळा होतो आहे. अशा वेळी कंपनीच्या आत प्रश्न विचारण्याचा कायदेशीर हक्क असलेली माणसे तुम्हीच उरता.

म्हणून माझ्या मागण्या मांडतो. त्यातल्या बहुतेकांना नवा कायदा लागत नाही.

राजीनामा द्यायचा तर खरे कारण लिहा. व्यवहाराचे नाव, तुम्ही विचारलेला प्रश्न आणि न मिळालेले उत्तर, एवढे पुरे. आरोप करू नका, वस्तुस्थिती लिहा. बदनामीच्या दाव्याची भीती वाटत असेल तर आपला विरोध बैठकीतच इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पत्रात त्या नोंदीचा हवाला द्या. ज्यांनी आधीच खोटे कारण देऊन पद सोडले आहे, त्यांनी नियामकाला दुसरे पत्र लिहावे. उशीर झाला तरी त्याचा उपयोग होतो.

सरकारी कामाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाची, दलालाची आणि सल्लागाराची यादी दर तिमाहीला लेखापरीक्षण समितीपुढे यायला हवी. त्यात खऱ्या मालकाचे नाव, मोबदल्याचा दर, पैसे कोणत्या देशातल्या खात्यात जातात आणि केलेल्या कामाचा पुरावा असावा. कंत्राट मिळाल्यावर टक्केवारीने द्यायचा मोबदला समितीच्या लेखी मंजुरीशिवाय देऊ नये. ही यादी पाहिल्याशिवाय तिमाही हिशेबाला संमती देऊ नका. देशाच्या कायद्याने मालकांची नोंदवही खुली केली नसली, तरी आपल्याकडून पैसे घेणाऱ्याला त्याचा मालक विचारण्याचा अधिकार प्रत्येक कंपनीला आहेच.

अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखाची नेमणूक, बदली, पगार आणि वार्षिक आराखडा समितीच्या हातात घ्या. एखादा विषय आराखड्यातून काढायचा असेल, तर तो कुणी आणि का काढला याची नोंद राहिली पाहिजे. भारताच्या कंपनी कायद्यात स्वतंत्र संचालकांनी व्यवस्थापनाला बाहेर ठेवून वर्षातून किमान एक बैठक घ्यावी अशी तरतूद आहे. ती दर तिमाहीला घ्या आणि तिथे आम्हाला बोलवा. वित्तप्रमुख शेजारी बसलेला असताना त्याच्या सहीबद्दल बोलणे आम्हाला किती कठीण जाते, याची कल्पना तुम्हाला असेलच.

तक्रारींची वाहिनी समितीच्या अध्यक्षांकडे थेट यावी. तक्रार करणाऱ्याची बदली, बढती किंवा बडतर्फी पुढची दोन वर्षे समितीच्या परवानगीशिवाय होऊ नये.

प्रवर्तकांशी किंवा त्यांच्या नातलगांच्या कंपन्यांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहाराचे मूल्यांकन करणारा तज्ज्ञ समितीने नेमावा, व्यवस्थापनाने नव्हे. आणि कायद्याने सक्ती नसेल तिथेही त्या व्यवहारावर बाकीच्या भागधारकांचे मत घ्या.

भरपाईबद्दल एक मागणी आहे, जी सहसा कुणी मांडत नाही. पेट्रोब्रासने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांचा दावा २.९५ अब्ज डॉलर देऊन मिटवला. ब्राझीलच्या शेअर बाजारात शेअर घेतलेले भागधारक त्या तडजोडीत नव्हते. ज्या देशात नुकसान झाले तिथल्या माणसाच्या हाती सगळ्यांत कमी लागते, हा प्रकार थांबला पाहिजे. त्याच कंपनीने अमेरिकी यंत्रणांशी केलेल्या दुसऱ्या तडजोडीत दंडाचा ८० टक्के भाग ब्राझीलला गेला, म्हणजे हे अशक्य नाही. तुमच्या कंपनीवर परदेशात दंड भरायची वेळ आली, तर नुकसान झालेल्या देशाचा वाटा तडजोडीत लिहून घेण्याचा आग्रह मंडळाने धरावा.

आणि ज्यांना नव्याने नेमणूकपत्र येईल त्यांच्याकडे वेगळे मागणे आहे. सही करण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: गेल्या पाच वर्षांत मंडळ सोडून गेलेल्या संचालकांची राजीनामापत्रे, अंतर्गत लेखापरीक्षणाचे निकाली न निघालेले आक्षेप, आणि मध्यस्थांना दिलेल्या पैशांची यादी. गेलेल्यांपैकी निदान एकाशी स्वतः बोला. कंपनी हे कागद द्यायला तयार नसेल, तर नेमणूक नाकारा आणि ती का नाकारली हे तिच्या नामनिर्देशन समितीला लेखी कळवा.

कळावे,

एक अंतर्गत लेखापरीक्षक